‘सैराट’ मुलीला दाखवू का?

मैत्रिणींनो, या वेळी लोणच्याच्या बरण्या आणि गव्हातला कडुलिंबाचा पाला हे विषय जरा बाजूला ठेवते. तळोद्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र लहानसंच आहे, पण वाचून झाल्यावर घडी घालून ठेवता येईना. त्या लिहितात:

‘मुलगी नववीत आहे. वर्गातल्या सगळ्या मुलींनी ‘सैराट’ पाहिलाय, मीच राहिलेय, अशी रोज भुणभुण करते. तिचे पप्पा म्हणतात, असले सिनेमे पाहूनच पोरी बिघडतात, घरात नावसुद्धा काढायचं नाही. मी दोघांच्या मध्ये. मी स्वतः पाहिला तेव्हा दोन दिवस घास गोड लागला नव्हता. तिला दाखवू की नको, तुम्हीच सांगा.’

वाचून मला आधी हसू आलं. कारण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हेच सगळं, अगदी याच शब्दांत, आमच्या घरात होऊन गेलं. आमची मोठीही नववीतच. म्हणून उत्तर पुस्तकी देत नाही. घरात काय झालं तेच सांगते, मग ठरवायचं तुम्ही.

पहिली गोष्ट म्हणजे हा सिनेमा काही नवा नाही. २९ एप्रिल २०१६ ला तो लागला. आज नववीत असलेली मुलं तेव्हा अंगणवाडीत होती. मग त्यांना हे वेड आलं कुठून? तर वरातीतून. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ‘झिंगाट’ वाजल्याशिवाय नवरदेव मांडवात येतो का? मुलं त्या गाण्यावर नाचतच मोठी झाली. त्यात २०२५ च्या जुलैत ‘सैयारा’ लागला आणि थेटरात हमसून हमसून रडणाऱ्या पोरापोरींचे व्हिडिओ घरोघरच्या मोबाइलवर फिरले. तेव्हापासून माझ्या वर्गात मधल्या सुट्टीतली चर्चा एकच. जास्त रडवणारा कोणता, हा की तो?

मी अर्धवेळ शिक्षिका, दुपारच्या सत्रात मराठी शिकवते. वर्गातल्या अशा गोष्टी कानावर येतातच. एकदा मुलींना सहज विचारलं, “‘सैराट’ कोणी कोणी पाहिलाय गं?” जवळजवळ सगळे हात वर. “आर्ची हैदराबादला गेल्यावर कुठे कामाला लागते?” एकही हात नाही! मग कळलं की पूर्ण सिनेमा फार थोड्या जणींनी पाहिलेला. बाकीच्यांनी मोबाइलवर तुकडे पाहिलेत. विहिरीतली उडी, बुलेटवरची आर्ची, ट्रॅक्टर, गाणी आणि एकदम शेवट. मधला तास-दीड तास गायब.

मला वाटतं, आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. मुलांनी सिनेमा पाहिलेला नाही असं समजून आपण ‘दाखवू की नको’ असा विचार करत बसतो. आणि त्यांनी तर तो पाहिलेला असतो, फक्त अर्धा. तोही नेमका वाईट अर्धा.

वाईट का म्हणते ते सांगते. आधी गोष्ट थोडक्यात. कुणी पाहिला नसेल तर शेवट कळल्याचा राग मानू नका, आयांना शेवट आधीच माहीत असलेला बरा. नागराज मंजुळ्यांनी हा सिनेमा आपल्याच गावाकडे, सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या आसपास केला. पाटलाची, राजकारणात दबदबा असलेल्या घरातली लेक आर्ची. मासेमारी करणाऱ्या, खालची समजल्या जाणाऱ्या जातीतल्या घरातला मुलगा परश्या. दोघं कॉलेजात. पहिला अर्धा भाग सगळा चोरून बघणं, चिठ्ठ्या, मित्रांच्या गमती आणि गाणी. मग घरी कळतं, मारहाण होते आणि दोघं पळून हैदराबाद गाठतात.

इथून सिनेमा बदलतो. गाणी थांबतात. झोपडपट्टीतली खोली, घाण पाणी, अंगाला येणारा वास. पाटलाच्या वाड्यात वाढलेल्या आर्चीला स्वयंपाक येत नाही, भाषा येत नाही, रात्री आईची आठवण येते. त्यांना आसरा देते डोशाची गाडी चालवणारी एक एकटी बाई. परश्या तिच्या गाडीवर राबतो, आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात जाते. मग पैशांची ओढाताण, रुसवेफुगवे आणि परश्याचा संशय. ज्याच्यासाठी घर सोडलं तोच परश्या तिच्यावर हात उचलतो. ती निघून जाते, तो जीव द्यायला निघतो, ती वेळेवर परत येते. पुढे संसार रांगेला लागतो, बाळ होतं. काही वर्षांनी आर्ची आईला फोन करते. आणि मग तिचा भाऊ माणसं घेऊन, माहेरच्या भेटवस्तू घेऊन दारात येतो. शेवट तुम्हाला माहीत आहे. शेजारणीकडून परत आलेलं ते लहान बाळ, आणि त्याच्या रक्ताने भरलेल्या तळव्यांचे ठसे. आवाज नाही, संगीत नाही, काही नाही.

मी तो पहिल्यांदा २०१६ च्या मे महिन्यात माहेरी, नंदुरबारला असताना पाहिला. थेटरात ‘झिंगाट’ला पोरं खुर्च्या सोडून नाचत होती. सिनेमा संपला तेव्हा मात्र कुणी उठेना. मोठीला आईजवळ ठेवून गेले होते, साडेचार वर्षांची होती तेव्हा. घरी आले तर ती झोपली होती, आणि मी बराच वेळ तिचे तळवे हातात घेऊन बसले. आई म्हणाली, “काय गं, काय झालं?” मला सांगता येईना.

आईचा विषय निघालाच आहे तर तिचीही गोष्ट ऐका. १९८१ साली ‘एक दूजे के लिए’ आला तेव्हा आई सतरा वर्षांची होती. त्यातही एक मुलगा नि एक मुलगी, दोन भाषांची दोन घरं, आईबापांचा विरोध आणि शेवटी दोघांचं मरण. त्या काळीही हेच बोललं जायचं, की हे पाहून पोरं जिवाचं काही करून घेतील. आजोबांनी साफ नाही म्हटलं. मग काय, शेजारच्या ताईने नळावर भांडी घासता घासता आईला सगळी स्टोरी सांगितली, गाण्यांसकट. आई अजून म्हणते, “पाहिला असता तर चार दिवसांत विसरले असते. नाही पाहिला म्हणून वर्षभर डोक्यात राहिला.”

हे मी विसरले नव्हते. म्हणून मोठीने हट्ट धरला तेव्हा ‘नाही’ म्हटलं नाही. ‘दिवाळीच्या सुट्टीत बघू’ म्हटलं आणि आधी एका दुपारी स्वतः पुन्हा पाहून घेतला. या खेपेला डोळे पुसायला नाही, वही घेऊन बसले. भाजीवाला पैसे मागतो तेव्हा हिशेब करतोच ना आपण, तसाच.

वहीत लिहिलं ते असं. प्रेमाची दृश्यं, ज्यांची पुरुषमंडळींना सगळ्यात जास्त काळजी असते, ती तर अगदी साधी आहेत. हल्ली जेवताना चालू असलेल्या टीव्हीवर याहून जास्त दिसतं. मला थांबावंसं वाटलं ते तीन ठिकाणी. परश्या तिला मारतो तिथे, तो जीव द्यायला निघतो तिथे आणि शेवटी. मुलांना एकटं सोडू नये अशा जागा या तीन आहेत. चौथी एक जागा आहे, ती मला शिक्षिका म्हणून बोचली. आर्चीचा भाऊ भर वर्गात सरांच्या कानाखाली मारतो, आणि त्याचं कुणी काही वाकडं करत नाही. शेवटी जे होतं त्याची सुरुवात तिथेच झालेली असते. सिनेमात तो प्रसंग लवकर येतो आणि आपण तो विसरून जातो.

कुणी म्हणेल, सर्टिफिकेट बघायचं आणि मोकळं व्हायचं. तेही समजून घेऊ या. पूर्वी ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांसाठी असे दोनच मुख्य प्रकार. १९८३ पासून मधला ‘यूए’ आला, म्हणजे बारा वर्षांच्या आतल्या मुलांबाबत आईवडिलांनी विचार करावा. २०२३ मध्ये कायद्यात बदल होऊन या मधल्या प्रकाराच्या तीन पायऱ्या झाल्या, ७ वर्षांच्या वर, १३ च्या वर आणि १६ च्या वर. पण एक लक्षात ठेवा. ‘ए’ असेल तर थेटरवाला अठराच्या आतल्या मुलांना अडवतो. या आकड्यांसाठी मात्र तो अडवणार नाही. हे आकडे आईवडिलांसाठीच आहेत, निर्णय आपल्यावर सोपवलेला आहे. मोबाइल-टीव्हीवरच्या सिनेमांनाही २०२१ च्या नियमांपासून अशीच वयं लावतात, आणि १३ वर्षांच्या वरच्या प्रकारांना कुलूप घालण्याची सोय त्या कंपन्यांनी द्यावीच लागते. त्यासाठी पिन असतो. घरात कुणाला तरी विचारून तो एकदा लावून ठेवा. गॅसचा कॉक रात्री बंद करतो, तसंच हे.

अजून एक गंमत सांगते. ‘सैराट’ आपल्याकडे लागण्याआधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, जर्मनीतल्या बर्लिनच्या मोठ्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. कुठल्या विभागात, तर चौदा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी निवडलेल्या सिनेमांच्या! तिथे या विभागाचे परीक्षकही त्याच वयाची मुलं असतात. म्हणजे त्या लोकांनी हा सिनेमा मुलांपासून लपवायचा नाही, मुलांनी बघायचा, असं ठरवलं. आणि जिने आर्ची केली ती अकलूजची रिंकू राजगुरू सिनेमा लागला तेव्हा पुरी पंधराचीही नव्हती. तिला राष्ट्रीय पुरस्कारात खास उल्लेख मिळाला. मुलांना या वयात काही कळत नाही, असं आपण उगाच धरून चालतो. आमच्या नंदुरबारात शिरीषकुमारचं स्मारक आहे. १९४२ साली ९ सप्टेंबरला गोळ्या झेलल्या तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच्या पुतळ्याला दरवर्षी हार घालणारे आपण आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला म्हणतो, ‘तुला काय कळतं?’

असो. तर लक्ष्मीपूजनानंतरच्या एका दुपारी आम्ही बसलो. मोठी, मी आणि सासूबाई. धाकटा पाचवीत आहे, त्याला त्याच्या मामाकडे पाठवला. त्याचं वय नव्हे हे. आमचे हे “मला नाही बघायचं असलं” म्हणत वर्तमानपत्र घेऊन बसले, तेही त्याच खोलीत! सिनेमा तीन तासांना थोडाच कमी आहे. म्हणून मध्यंतराला थांबून चहा केला. तोवर मोठी खुशीत होती, गाणी तिला पाठच होती.

हैदराबाद सुरू झालं आणि ती गप्प झाली. आर्चीला घाण पाण्याची बादली पाहून रडू येतं तिथे म्हणाली, “मम्मी, हे तर रीलमध्ये नव्हतंच.” परश्याने हात उचलला तेव्हा मी रिमोट घेऊन चित्र थांबवलं. मुद्दाम. म्हटलं, “यात प्रेम कुठे दिसतं गं?” ती म्हणाली, “पण तो नंतर रडतो ना.” म्हटलं, “रडतो. पण मारल्यावर रडला म्हणून मारलेलं पुसलं जात नाही. तुझ्यावर कुणी हात उचलला, तो नवरा असो नाहीतर भाऊ, तर आधी मला सांगायचं.” वर्तमानपत्राच्या मागून एक पान उलटल्याचा आवाज आला. बस्स.

तो जीव द्यायला निघतो तिथे सासूबाईंनीच तिचा हात धरला. सिनेमात आर्ची वेळेवर येते. खऱ्या आयुष्यात येईलच असं नाही, हे मी तिला सांगितलं. रुसून, धमकी म्हणून, किंवा समोरच्याला धडा शिकवायला म्हणून कुणी असं बोललं तरी ते मोठ्या माणसाच्या कानावर घालायचं, मैत्रिणीची शपथ असली तरी घालायचं, हेही सांगितलं. १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक, टेलिमानसचा. मन फार खचलेल्या माणसाशी तिथे बोलतात. फ्रिजवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवलाय मी.

आणि मग शेवट.

कुणी काही बोललं नाही. वर्तमानपत्र केव्हाच खाली आलं होतं. थोड्या वेळाने सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “तिने आईला फोन करायला नको होता. पत्ता द्यायलाच नको होता.”

मोठीने त्यांच्याकडे पाहिलं. “आजी, आईला फोनसुद्धा करायचा नाही?”

सासूबाईंना उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. खरं सांगू का, मैत्रिणींनो, हा सिनेमा मुलांसाठी योग्य की अयोग्य याचा निकाल त्या एका वाक्यात लागला. ‘सैयारा’त त्या मुलीला आजार होतो, स्मृती जाते. तिथे दोष नशिबाचा. रडायचं आणि रुमाल धुवायला टाकायचा. ‘सैराट’मध्ये नशीब नाही, आजार नाही. मारणारी माणसं घरचीच आहेत आणि हातात आईने दिलेल्या भेटी घेऊन आलेली आहेत. म्हणून तो पाहिल्यावर मुलं पळून जाण्याचा विचार करत नाहीत. ती आपल्याकडे बघतात.

त्या रात्री ओट्यावर भांडी पुसताना मोठीने विचारलंच. “मम्मी, मी असं काही केलं तर तू काय करशील?”

मी शिक्षिका, रोज चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देते. पण हात थांबले माझे. ‘असं काही करायचंच नाही’ हे ओठांवर आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, “मला राग येईल. खूप येईल. पप्पांना माझ्याहून जास्त येईल. चार दिवस बोलणारही नाही कदाचित. पण तुझा फोन आला तर मी उचलेन, आणि तुझा पत्ता कुणाला देणार नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते. आणि तुझं शिक्षण झाल्याशिवाय, अठराची झाल्याशिवाय तू घर सोडायचं नाहीस, हे तू आत्ताच मला सांग.” ती हसली, डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, “मम्मी, मला अजून कुणी आवडत पण नाही!” मग आम्ही दोघी हसलो. ताटं पुसून झाली.

हे वाचून वाटेल, बाईंचं घर फार शहाणं दिसतंय. तसं नाही. हे शहाणपण मला उशिरा आलं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीच्या जिवावर आलं.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. निबंध फार छान लिहायची. तिच्या मोबाइलवर, मोबाइलही तिचा नव्हे, भावाचा, कुणातरी मुलाने पाठवलेलं एक गाणं सापडलं. गाणंच फक्त. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मैत्रिणी म्हणाल्या, मामाकडे पाठवली. उन्हाळ्यात कळलं की लग्न झालं. सोळाही पूर्ण नव्हती. मी हळहळले, स्टाफरूममध्ये चार वाक्यं बोलले आणि गप्प बसले. तिच्या घरी गेले नाही. कुणाला कळवलं नाही. ‘आपण कशाला लोकांच्या घरात पडा’, हे माझंच वाक्य. तिची निबंधाची वही अजून माझ्या कपाटात आहे. परत द्यायला तोंड नाही.

त्या पोरीला कुणी कोयत्याने मारलं नाही. पण शाळा गेली, मैत्रिणी गेल्या, वही राहिली. सिनेमा पाहून मुली बिघडतात, असं म्हणणाऱ्या आपण, सिनेमाच्या नुसत्या भीतीने किती मुलींचं बिघडवतो, याचाही हिशेब कधीतरी घालायला हवा.

म्हणून कायद्याच्या चार गोष्टी, आपल्याला आणि मुलांनाही माहीत असाव्यात. मुलीचं लग्न अठरा पूर्ण आणि मुलाचं एकवीस पूर्ण झाल्याशिवाय करता येत नाही, मग ते आईबापांनी लावलेलं असो की मुलांनी पळून केलेलं. २०१२ चा पोक्सो कायदा अठराच्या आतल्या मुलांची संमती धरत नाही. म्हणजे मुलगी आपल्या मर्जीने गेली तरी मुलावर गंभीर गुन्हा लागू शकतो. मुलांच्या आयांनी हे मुलांना नीट समजावून सांगा, गाण्यांत ते कुणी सांगत नाही. दोघं सज्ञान असतील तर मात्र त्यांच्या लग्नाला घरच्यांची, जातीची, पंचांची परवानगी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ च्या निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे, आणि अशा जोडप्यांना संरक्षण द्यायची जबाबदारी पोलीस-प्रशासनावर टाकली आहे. आणि लहान मुलीचं लग्न ठरतंय असं कळलं तर १०९८ वर फोन करायचा. खेड्यात ग्रामसेवक हा बालविवाह रोखणारा अधिकारी असतो, त्याला सांगायचं. मी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगा.

आता तळोद्याच्या भगिनींसाठी, आणि ज्यांच्या घरी आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे त्या सगळ्यांसाठी, थोडक्यात:

१. आधी स्वतः पाहा. ऐकीव माहितीवर ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू नका. असा कुठलाही सिनेमा पाहताना स्वतःला विचारा. यात कुणी कुणावर हात उचलतो का? मरणाला प्रेमाचा मोठेपणा म्हणून दाखवलंय का? मुलगी ‘नाही’ म्हणते तेव्हा तिचं ऐकलं जातं का? दुःखाचं कारण दाखवलंय, की नुसतं रडवलंय?

२. ‘सैराट’ माझ्या मते नववी-दहावीच्या आधी नको. मूल फार हळवं असेल, किंवा घरात नुकतंच कुणी गेलं असेल, तर त्यानंतरही थांबा. रक्त फार दाखवलेलं नाही, पण ती शांतता मोठ्यांनाही झेपत नाही.

३. पूर्ण दाखवा. मध्यंतरानंतर ‘बोअर होतंय’ म्हणून पुढे ढकलू देऊ नका. मुलांना जे शिकायचं आहे ते हैदराबादच्या खोलीतच आहे.

४. एकट्याने नको, मोबाइलवर नको, रात्री झोपताना तर मुळीच नको. दुपारी, घरच्यांसोबत. मुलगा असेल तर त्यालाही बसवा. हा मुलींचाच सिनेमा आहे असं कुणी सांगितलं? मला तर तो भावांनी आणि बापांनी बघावा असाच वाटतो.

५. संपल्यावर लगेच भाषण नको. चहा करा, खिचडी टाका. मूल आपणहून बोलेल. रात्री नाही तर दोन दिवसांनी बोलेल.

६. धाकट्यांना या वयाची गोष्ट दाखवायचीच असेल तर ‘शाळा’ दाखवा. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा, २०१२ मध्ये लागलेला. नववीतल्या मुलाचं कोवळं आवडणं आहे, कुणी मरत नाही. मंजुळ्यांचाच ‘फँड्री’ २०१४ मध्ये लागला. तोही आठवी-नववीला चालेल, पण जातीवरून होणारी चेष्टा त्यात फार टोचते. सोबत बसा.

आणि सातवी गोष्ट, जी पहिली लिहायला हवी होती. मूल शेवटी विचारणार, ‘मी असं केलं तर?’ त्याचं उत्तर नवऱ्याशी आधी बोलून ठेवा. ते उत्तर तयार नसेल तर सिनेमा पुढच्या सुट्टीवर ढकला, हरकत नाही. पण ढकलायचा तो आपली तयारी नाही म्हणून. मुलीवर त्याचं खापर नको.

आमच्या ह्यांचं काय झालं, असं कुणी विचारेल. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. आठवड्याने मोठीच्या क्लासची वेळ बदलली, यायला अंधार होणार होता. मी म्हटलं, भावाला पाठवू का घ्यायला? तर म्हणाले, “भाऊ कशाला? तो लहान आहे. आणि तिच्यावर पहारा बसवल्यासारखं वाटायला नको. मी येताना घेऊन येत जाईन. गप्पा तरी होतील.”

तळोद्याच्या ताई, तुमच्या मिस्टरांना सिनेमाचं नाव न सांगता एवढंच सांगा, की रविवारी दुपारी तीन तास घरी राहा. वर्तमानपत्र वाचलं तरी चालेल. त्याच खोलीत बसलं म्हणजे झालं.